दिग्या, पेडल जळलं नव्हतं

पुणे, रविवार रात्र

प्रिय दिग्या,

आठ महिने झाले, तुला काही कळवलं नाही. तुझे दोन फोन येऊन गेले, उलट करायचे राहिले ते राहिलेच. आई बरी आहे, माझा गुडघाही बरा. ते असू दे. आज तुझी माफी मागायची आहे. फोनवर मागितली असती तर तू मध्येच "जाऊ दे रे" म्हणून मोकळा झाला असतास. तसं नको. आधी सगळं वाच.

गेल्या महिन्यात मी एक जुनं डीएस-वन घेतलं, गिटारचा आवाज फाटका करणारं पेडल. बॉस कंपनीचं, नारिंगी, जपानी बनावटीचं, हुबेहूब तुझ्यासारखं. हे मॉडेल 1978 पासून निघतंय, पण 1994 मध्ये आतली तोशिबाची चिप बदलली, म्हणून मी त्याआधीचंच शोधत होतो. कोथरूडच्या एका मुलाकडे मिळालं. किंमत विचारू नकोस, तुझ्या पोटात काही राहत नाही. त्याच्या बोर्डावर पाच पेडलांच्या रांगेत हे दुसरं होतं. पहिला कॉर्ड वाजवला आणि थेट काकूंच्या गच्चीवरच्या खोलीत जाऊन पोचलो. खालून काकू ओरडायच्या ना, "मिक्सर बंद करा रे!"

घरी आणून एकटंच लावलं, तर दिवा मिणमिणता. हाताचा आडोसा केल्यावर कळायचं, पेटलाय. आवाज दमलेला, नोट धरून ठेवली की मध्येच तुटायची. अडॅप्टर नवा, मल्टीमीटरवर चोख नऊ व्होल्ट. केबल बदलली. तापकीर गल्लीतून कॉन्टॅक्ट क्लीनर आणून पॉट, म्हणजे फिरवायच्या बटणांखालचे भाग, धुतले. खरखर गेली, मरगळ तशीच. जॅकचे सांधे पुन्हा सोल्डर केले. मग बॅटरी घातली, तर दिवा लख्ख आणि आवाज भरदार! बॅटरी काढून अडॅप्टर लावला की पुन्हा तेच. इकडेही नऊ, तिकडेही नऊ, मग फरक कशाचा? चार रात्री याच्यात गेल्या. पाचव्या दिवशी त्या मुलाला फोन करून नको ते बोललो, जळकं पेडल गळ्यात मारलंस म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "काका, माझ्याकडे तर चालत होतं."

हे वाक्य मी आधी कुठे ऐकलंय, तुला सांगायला नको.

(चिमी आता गिटार शिकते. तुझी जुनी कापो तिच्याकडे आहे, परत मिळणार नाही.)

तर परवा चिमीने तिचं ट्यूनर पेडल आणून त्याच अडॅप्टरवर, एका अडॅप्टरवर दोन पेडलं चालवणाऱ्या दोन पिनांच्या वायरीने लावलं आणि पॅच कॉर्डने, म्हणजे पेडलांमधल्या छोट्या केबलने, डीएस-वनला जोडलं. दिवा भक्कन पेटला! पॅच कॉर्ड काढली, मिणमिणला. लावली, लख्ख. पंधरा-वीस वेळा केलं असेल. मग पेडल उलटं केलं. खालच्या पत्र्यावर अडॅप्टरचं नाव छापलेलं असतं, आपण कधी वाचलंच नाही. एसीए.

एसीए म्हणजे त्या काळचा जुना अडॅप्टर. नावाला नऊ व्होल्टचा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास द्यायचा. म्हणून तेव्हाच्या पेडलमध्ये ऋण बाजूच्या वाटेवर एक रेझिस्टर आणि एक डायोड बसवलेला असायचा, जास्तीचे व्होल्ट खायला. पुढे पीएसए आला, रेग्युलेटेड, मोजून नऊ देणारा. त्या नवातलेही दोन-अडीच ही जोडी खाते. बॅटरीच्या वाटेवर ती जोडी नाही. आणि शेजारी त्याच अडॅप्टरवर नव्या धाटणीचं पेडल असलं, की पॅच कॉर्डच्या बाहेरच्या जाळीतून ग्राउंडला सरळ वाट मिळते, ती जोडी बाजूला पडते, पेडलला पूर्ण नऊ पोचतात. पेडल धडधाकट होतं रे. चूक अडॅप्टरच्या निवडीची.

आता 2001 चं गॅदरिंग आठव. प्रॅक्टिसला महिनाभर तुझ्या डीएस-वनच्या पुढे माझा डिले, ते पडसाद काढणारं पेडल, असायचा, दोघांना मामाने सिंगापूरहून आणलेला एकच अडॅप्टर. दोन पिनांची वायर तर तूच बनवली होतीस. मग कार्यक्रमाच्या दिवशी मी काय केलं? माझ्या सोलोसाठी डिले तुझ्या रांगेतून काढला. त्यात घालायला बॅटरी घेतली ती तुझ्याच पेडलमधली. आणि तुला एकट्याला अडॅप्टर दिला, वर ऐकवलं, "नवा आहे, जपून वापर."

पक्याने चार मोजले (त्याचे चार म्हणजे आपले सहा), तू पेडल दाबलंस आणि आवाजच बसला. सगळ्यांसमोर मी ओरडलो, रात्रभर केबल जॅकमध्ये ठेवतोस, पेडल जाळलंस. केबल ठेवली की बॅटरी उतरते, पेडल जळत नाही, हे तेव्हाही मला माहीत होतं. तू म्हणालास, "प्रॅक्टिसला तर चालत होतं. तुझा अडॅप्टर बघ." तो मी बघितला आज, इतक्या वर्षांनी. तू मात्र महिन्याभरात पेडल विकलंस आणि इलेक्ट्रिकला पुन्हा हात लावला नाहीस. पुढे आपण बोलायला लागलो, तरी त्या दिवसाचा विषय मी कधी काढला नाही. तुझी चूक तुला पुन्हा दाखवायची नाही, असा माझा मोठेपणा होता. दिग्या, तू बरोबर होतास. मला माफ कर.

त्या मुलालाही फोन करून माफी मागितली. पेडल त्याला परत देणार नाही, त्यातल्या वायरिंगलाही हात लावणार नाही. आहे तसंच तुझं आहे.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? ओंकारचा निकाल कधी? नाशिकच्या घराला रंग दिलास म्हणे, फोटो पाठव.

दिवाळीत ये. कुरिअरने पाठवणार नाही, माझ्यासमोर वाजव. बॅटरी नवी घालून ठेवली आहे. केबल काढून.

तुझा,
सुध्या