ठमे, आपलं जुनं भांडण पुन्हा

प्रिय ठमे,

तब्येती सगळ्यांच्या ठीक. आईचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण ती हिंडती-फिरती आहे. आता मुद्द्याचं.

छोटूच्या वर्गात शेजारच्या मुलानं त्याची पेन्सिल मोडली. पहिलीतली पोरं अशा वेळी ढकलतात, रडतात, बाईंकडे जाऊन नाव सांगतात. छोटूनं त्या मुलाशी बोलणंच बंद केलं. दप्तर उचलून बाकाच्या टोकाला सरकला. तो मुलगा 'सॉरी, सॉरी' म्हणत राहिला, तरी ह्यानं मान वळवली नाही. शेवटी ते पोर हुंदके देऊन रडलं. बाई मला कौतुकानं सांगत होत्या, "तुमचा मुलगा भांडत नाही हो, अगदी शांत." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. समोर थेट अण्णा दिसले गं!

हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? आमच्या घरातला अबोला तू पाहिलायस. मार्क कमी पडले की अण्णा प्रगतिपुस्तकावर सही करून नुसतं सरकवायचे, आणि मग कितीतरी दिवस आईमार्फत निरोप, "तिला म्हणावं, दिवा मालव." तुझी आई तुझ्यामागं लाटणं घेऊन धावायची आणि लगेच तुझी वेणीही घालून द्यायची. मला तुझा फार हेवा वाटायचा.

अण्णा तर छोटूनं पाहिलेही नाहीत. त्यानं हे बापाकडून उचललंय. ह्याचं म्हणणं, मी हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. अभ्यास झाला नाही तर फक्त बोलत नाही, त्याला बरोबर कळतं. कळतं ना! छोटू एकच अक्षर कागद फाटेपर्यंत खोडत बसतो आणि मधेच मला हळूच विचारतो, "बाबांची कट्टी संपली का?"

बी.एड.ला असताना तू मानसशास्त्रज्ञ बॉमरिंडबाईंनी सांगितलेले पालकांचे तीन प्रकार घोकायचीस, आठवतं? हुकूम सोडणारे, शिस्त लावूनही ऐकून घेणारे आणि सगळं चालवून घेणारे. मग १९८३ साली मॅकोबी आणि मार्टिन यांनी चौथे आणले, मुलाकडे ढुंकूनही न बघणारे. तेव्हा तू म्हणायचीस, सगळं दुखणं कडकपणाचं. मी म्हणायचे, अण्णांच्या शिस्तीचा मला कधीच जाच झाला नाही, झाला तो अबोल्याचा. यावरून आपण एकदा बसस्टॉपवर कडाकडा भांडलो आणि दोन बस सोडल्या! मी आजही तेच म्हणते. झोपेची वेळ ठरवणं, गृहपाठाआधी खेळायला न सोडणं हा वागण्यावरचा लगाम. 'माझ्या मनासारखं वाग, नाहीतर मी तुझा नाही' हा मनावरचा. संशोधक बार्बर यांनी १९९६ मध्ये हाच फरक नीट मांडला, आणि मुलांची चिंता, खिन्नता यांचा संबंध या दुसऱ्या प्रकाराशी पुन्हापुन्हा दिसून आलाय. ओरडा निदान संपतो. सहा वर्षांच्या मुलाला अबोला कधी संपणार ते कळतच नाही, मग तो दिवसभर बापाचा चेहरा वाचत बसतो. त्यात अभ्यास कुठून होणार?

मुलाचा मूळ पिंडही असतो, हे तुझं म्हणणं मला मान्य. मुलांचे स्वभाव अभ्यासणारे थॉमस आणि चेस सांगतात तशी नव्याला हळूहळू सरावणारी मुलं असतात, छोटू त्यातलाच. तुझ्या धाकटीशी कुणी अबोला धरला तर ती टाळ्या पिटेल, बडबडीला रान मोकळं! छोटू मात्र आणखी मिटतो, बापाला तो हट्ट वाटतो, आणि अबोला लांबतो.

ह्याला वाईट म्हणवत नाही गं. लहानपणी त्यानं पट्ट्याचे फटके खाल्लेत. आपण न मारता मूल वाढवतोय याचा त्याला अभिमान आहे, तो खराच आहे. मी एवढंच सुचवलं, राग आलाय हे तोंडानं सांग, किती वेळानं बोलणार तेही सांग, आणि त्या वेळेला नक्की बोल. "बघतो" म्हणाला.

तुझ्या बदलीचं काय झालं? नवी शाळा लांब पडते का? धाकटीचा पुढचा दात पडला का? फोटो पाठव.

आणि वर्गात गप्प होणाऱ्या पोरांना तू कसं बोलतं करतेस ते सविस्तर लिही. रविवारी ह्याला फोनही कर. तुझं तो ऐकतो, आणि तू अण्णांना पाहिलं आहेस, मी वाढवून सांगत नाही हे त्याला तूच सांगू शकशील.

तुझीच,
चिमे