चंद्री मामाकडे जातेय, खोगीर घरीच राहील

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवरच बोलणार होते, पण फोनवर बाबा "हो हो, बघू, तू जेवली का" म्हणून विषय बदलतात, मागून आईचा आवाज येतो "बघू काय, वीस वर्षं बघतेच आहे मी" आणि मग तुमचं दोघांचं सुरू होतं आणि मी इकडे नाशिकला नुसता फोन कानाला लावून बसते. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाचून दाखव, बाबांचा चष्मा अजून दुकानातच असेल. आणि मधे तुझं काही घालू नको, आधी पूर्ण वाच.

आपल्या घोडीला, चंद्रीला, मामाच्या मळ्यात पाठवायचं ठरलंय. बाबा, रागवू नका, मी दादाशी बोलले, वहिनीशी बोलले, तुमच्या डॉक्टरांशी बोलले, चंद्रीला बघतात त्या जनावरांच्या डॉक्टरांशी दोनदा बोलले, मग मामाला फोन केला. मामाने केळीच्या बागेशेजारी पत्र्याचं शेड बांधून घेतलंय, खाली मुरूम टाकून वर माती चोपलीय म्हणजे तिचा पाय घसरणार नाही. दसऱ्याला तुमच्या हातून तिची पूजा होऊ दे, त्यानंतरच्या सोमवारी टेम्पो येईल. विकलेली नाहीये, कोणाला देऊन पण टाकलेली नाहीये. चोपडा काही लांब नाही, तापीचा पूल ओलांडला की तासाभरात तुम्ही तिच्यापाशी.

आता का ते सांगते. जूनमध्ये तिचा पाय तुमच्या पायावर पडला ते तुम्हाला कळलंच नाही बाबा, मला सगळ्यात भीती त्याची वाटते. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर पायावर उभं राहिलं आणि तुम्ही खरारा करतच राहिलात. रात्री आईने चादर बदलताना रक्ताचा डाग बघितला तेव्हा समजलं. शुगरने तळपाय बधिर झालेत, तीन महिन्यांची साखर ९.२ आली होती, त्या एका अंगठ्यापायी दोन महिने ड्रेसिंग चाललं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या लिदीत असतात, आणि तुम्ही अनवाणी लीद काढता. डॉक्टर म्हणाले या वेळी अंगठा वाचला. मी ते ऐकून बाहेर पॅसेजमध्ये येऊन बसले होते, तुम्हाला सांगितलं नाही.

आणि चंद्री पण आता पंचविसाची झाली. २००५च्या दत्तजयंतीला आपण तिला आणली तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्या मागच्या दाढा झिजल्यात, कडबा चावून चावून शेवटी ओला गोळा करून खाली टाकते, तुम्ही मला म्हणालात "नखरे करते", नखरे नाहीत ते बाबा, तिला चावता येत नाही. तिला बारीक कुट्टी, भिजवून भरडलेला हरभरा, चोकर, असं दिवसातून चार वेळा थोडं थोडं लागतं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात काही अडकलं की जीवावरच बेततं. मागच्या महिन्यात ती रात्री खाली बसली ती उठेना, आणि तुम्ही एवढे बाहत्तर वर्षांचे, पायाला पट्टी, एकटे तिला उठवायला गेलात आणि आईला हाक पण मारली नाही कारण आई बोलेल. मामाकडे तीन गडी आहेत, दोन बैल आहेत, तिला सोबत होईल. आपल्याकडे ती एकटीच आहे ना.

मला सारंगखेड्याची यात्रा अजून आठवते. मी नववीत. एकमुखी दत्ताचं दर्शन झालं आणि तुम्ही "पाच मिनिटांत येतो" म्हणून घोड्यांच्या बाजारात शिरलात. मारवाडचे, काठियावाडचे व्यापारी, जो तो घोड्याचे ओठ वर करून दात मोजतोय, अंगावरचे भोवरे बघतोय. हिला कोणी हात लावत नव्हतं. एवढी कुमैत रंगाची, कपाळावर पांढरा चांद, कानाची टोकं एकमेकांना टेकलेली, पण डाव्या डोळ्याखाली भोवरा. आसूढाळ म्हणतात त्याला, अशुभ मानतात. एक म्हातारा मला म्हणाला, बेटा बापाला सांग ही घेऊ नको, ही मालकाला रडवते. गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ भोवरा, असता तर हीच घोडी तिप्पट पैशाला गेली असती म्हणे. तुम्ही तिच्या डोळ्याखालच्या त्या भोवऱ्यावर अंगठा फिरवला आणि ती पापणी मिटून तशीच उभी राहिली. बस, सोळा हजार मोजून दिलेत.

त्या सोळा हजारांचं मी काढणार नव्हते. पण आईच्या बाजूने पण कोणीतरी बोललं पाहिजे बाबा. ते स्वयंपाकघराच्या स्लॅबचे पैसे होते. पुढचे दोन पावसाळे आई धाब्याखाली पातेली मांडून भाकरी थापत होती. उन्हाळ्यात घोडं दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितं आणि नळ दिवसाआड, ते पाणी कोणी ओढलं, आईनेच ना. म्हणून ती म्हणायची, "तुन्हा बापले घोडी जोयजे, माले काय जोयजे ते कोनी इचारं का?" मला लहानपणी वाटायचं आई चिडकी आहे. आता माझ्या घरात मी पाणी भरते तेव्हा कळतं.

आणि आई, तू पण ऐक. २००६च्या ऑगस्टात तापीला पूर आला, सुरत पाण्यात गेलं, दादा जूनमध्येच तिकडे कामाला लागला होता आणि चार दिवस फोन नाही. तू ओट्यावर बसून रडत होतीस आणि चंद्रीकडे बघून "हिनेच" म्हणालीस. बाबा काही बोलले नाहीत. दादा पाचव्या दिवशी ट्रकमध्ये बसून आला, अंगावर दुसऱ्याचा शर्ट. त्यानंतर वीस वर्षांत तू तो शब्द परत काढला नाहीस पण बाबा आजही तिच्या त्या डोळ्यावर जाळीची पट्टी बांधतात, माश्यांसाठी म्हणतात, मला माहितेय कशासाठी. आई, तिची काही चूक नव्हती. ती गेली की पट्टीचं निमित्त पण जाईल, तेव्हा जायच्या आधी एकदा तिच्या तोंडावरून हात फिरव. एवढं माझ्यासाठी कर.

आणि आई, तू जिंकलीस असं कोणी म्हणणार नाही आणि तू पण म्हणू नको. बाबा चार-आठ दिवस गप्प गप्प राहतील, त्यांना घालूनपाडून बोलू नको. शेवभाजी कर एक दिवस, तेल कमी टाक पण. कळण्याची भाकरी चालेल. सकाळी साडेपाचला ते सवयीने मागच्या दारी जातीलच, जाऊ दे, फक्त चप्पल आहे का बघ. मी दोन नवीन चपला पाठवल्यात, मऊ तळव्याच्या, एक मागच्या दारातच ठेवायची.

बाबा, रोज रात्री आरशात दोन्ही तळवे बघायचे. आईला दाखवायचे. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय त्याचा कागद फाईलला लावा. शेडची जागा रिकामी बघवणार नाही म्हणून तिथं बाज टाकून ठेवते, हिवाळ्यात ऊन चांगलं येतं, पेपर वाचा. कूलरची मोटार दादा दिवाळीला बदलून देतोय. मामाकडे दर पंधरवड्याला रविवारी जायचं, गाडी मी लावलीय, पैशांचं विचारू नका. नालबंद दीड-दोन महिन्यांनी मामाकडेच येईल, खूर वाढू द्यायचे नाहीत, पण तो आला की तुम्ही हजर पाहिजे कारण मागचा उजवा पाय ती तुमच्याशिवाय कोणाला उचलू देत नाही हे मी मामाला सांगून ठेवलंय.

बाबा मी पाचवीत असताना तापाने फणफणले होते आणि तुम्ही मला पाठीवर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होता, टापांचा आवाज तोंडाने काढत. तेव्हा घरात घोडी नव्हती. मला वाटतं तुम्हाला तेव्हापासूनच हवी होती.

खोगीर बैठकीत खुंटीवर आहे तिथंच राहील. आई, शोकेसचं मी बघते, दुसऱ्या भिंतीला बसतं, मी माप घेऊन आलेय. तुझा पितळी बंब आणि मांड्यांचे तिन्ही खापर पण कोणी हलवणार नाही, बाबांनी भंगारवाल्याचं नाव काढलं तर मला फोन कर.

सोमवारचं नीट ऐका. टेम्पो सकाळी साडेसहाला येईल, ऊन तापायच्या आत निघायचं. आदल्या रात्री नेहमीसारखं खाऊ घाला, सकाळी चंदी म्हणजे दाणा नको, फक्त पाणी आणि मूठभर ओली कुट्टी. टेम्पोत खाली गोणपाट आणि भुसा टाकायला सांगितलंय. दोर आखूड बांधू नका, तिला मान खाली करता आली पाहिजे. ती तुम्ही पुढे चढल्याशिवाय चढणार नाही, तर तुम्ही चढा, पण ड्रायव्हरचा हात धरून, आणि बूट घालून. तिच्या नेहमीच्या खाण्याची दोन पोती सोबत द्या, नवीन खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलायचं असतं. तोबरा, खरारा, तिची पाण्याची बादली पण द्या, ती निळीच, दुसऱ्या बादलीतून ती पीत नाही.

मी रविवारी रात्रीच पोचते. तुमच्यासोबत टेम्पोत पुढे मी बसणार आहे, आई पण येतेय, ती नाही म्हणेल, तिला साडी काढून ठेवायला सांगा.

तुमची,
बेबी