काकू, तुमच्यामुळं फायर सायडर जमलं, मनापासून थँक्यू!

प्रिय काकू,

फोनवर थँक्यू म्हणून माझं समाधान झालं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, तुम्ही किती जीव लावून शिकवता ते बाकीच्यांनाही कळू दे.

मी नुसती फायर सायडरची, म्हणजे आलं-लसूण-मिरची व्हिनेगरमध्ये मुरवून मध घातलेल्या त्या तिखट-आंबट पेयाची, रेसिपी विचारलेली, आणि तुम्ही आधी काय विचारलंत तर घरात कोण कुठल्या गोळ्या घेतंय. सासऱ्यांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे म्हणल्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना चमचाभरही द्यायचं नाही असं बजावलंत, आणि जावेचं बाळ अजून वर्षाचं झालेलं नाही तर मधामुळं त्याच्या तोंडाला बोटसुद्धा लावायचं नाही. एवढी काळजी कोण करतं ओ, लोक लिंक पाठवतात आणि मोकळे होतात.

अमेरिकेत यात हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ घालतात, ते साताऱ्यात कुठनं आणायचं म्हणून मी अडूनच बसलेले. तुम्ही म्हणालात पांढरा मुळा किस आणि जरा मोहरी कुटून पाण्यात कालव, ही सगळी एकाच कुळातली, तिखटपणा त्याच जातीचा. आणि लगेच व्हिनेगर ओतू नको, थोडी मिनिटं थांब, कारण किसल्यावर-कुटल्यावरच तो झणका तयार होतो आणि आंबट पडलं की ते काम थांबतं. काय वास सुटला काकू, नाकातनं थेट डोक्यात!

मग आपलं कोरेगावकडचं आलं, सांगलीची हळद, लसूण, कांदा, मिरच्या, मिरी, आणि सगळं बुडेल एवढं ५ टक्के आम्लतेचं ॲपल सायडर व्हिनेगर. पत्र्याचं झाकण व्हिनेगरनं गंजतं म्हणून मध्ये बटर पेपर. ४ आठवडे कपाटात ठेवून अधनंमधनं हलवलं, फडक्यातनं गाळलं, मग महाबळेश्वरचा मध.

चव लय भारी आलीय. आधी आंबट, मग आल्याची धग, हळद मागनं येते, आणि मिरची घशात बराच वेळ रेंगाळते. पण दातांसाठी पाण्यात मिसळूनच घेतेय, तुम्ही सांगितल्यासारखं. सर्दी यानं जाईल असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, घशाला बरं वाटतं एवढंच म्हणालात, आणि ते अगदी खरंय.

रोझमेरी ग्लॅडस्टार नावाच्या बाईंनी हे १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात शिकवायला सुरुवात केली, सगळ्यांना मोकळ्या हातानं देऊन टाकलं. पुढं एका कंपनीनं नावाचा ट्रेडमार्क घेतला, तेव्हा वनौषधीवाल्या बायका कोर्टात लढल्या आणि २०१९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टानं हे नाव सगळ्यांचंच आहे असा निकाल दिला. वाचताना मला तुमचीच आठवण येत होती, तुम्ही पण कधी काही हातचं राखून ठेवत नाही.

रविवारी राजवाड्याकडं येतेय, तुमची बाटली घेऊन येते. मध कमी घातलाय तिच्यात, तुम्हाला तिखटच लागतं म्हणून.

तुमचीच,
शेजारची सून