‘शिक्षा’ मराठीने बिघडवली नाही

महोदय,

‘शिक्षा म्हणजे खरे तर शिक्षण, मराठीने त्याचा अर्थ बिघडवला’ अशी खंत एका वाचकाने गेल्या रविवारच्या अंकात मांडली आहे. मी सोलापुरात तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. मला ती पटली नाही.

माझ्या वर्गातली निम्मी मुले घरी तेलुगू किंवा कन्नड बोलायची. तेलुगू विणकराच्या घरात ‘शिक्ष’ म्हणजे दंडच, कन्नड घरातली ‘शिक्षे’ही तीच. मल्याळम आणि गुजरातीतही हा अर्थ रूढ आहे. हिंदी, नेपाळी, बंगाली, ओडिया, असमिया या भाषांत मात्र शिक्षा म्हणजे शिक्षण. मग बोल एकट्या मराठीला का?

मूळ संस्कृत धातू ‘शक्’, म्हणजे जमणे, समर्थ असणे. त्याचे इच्छार्थक रूप ‘शिक्ष्’, म्हणजे जमावे अशी इच्छा धरणे, त्यावरून शिकणे. सहा वेदांगांतली ‘शिक्षा’ हे तर उच्चारांचे शास्त्र. आपले ‘शिकणे’ त्याच धातूवरून प्राकृतातून आले. शिकवता शिकवता वळण लावणे आले, त्यातून दंड. ‘चांगला धडा शिकवला’ असे आपण रागाने म्हणतो, तेव्हा हेच तर म्हणत असतो.

एकदा एका मुलाच्या वहीत मी ‘आज वर्गात शिक्षा केली’ एवढेच लिहिले. वडील बिहारहून कामासाठी आलेले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या दारात हात जोडून म्हणाले, “मॅडम, आप बच्चे को शिक्षा दे रही हैं, बड़ी कृपा.” मुलगा शेजारी मान खाली घालून उभा होता. आदल्या दिवशी मी त्याला तासभर बाकावर उभे केले होते. त्यानंतर तो शब्द माझ्याने कुणाच्याही वहीत लिहवला नाही.

म्हणून एक विनंती. ‘समग्र शिक्षा’ हे योजनेचे नाव आहे, ते तसेच छापावे. पण हिंदीतून आलेल्या बातम्यांत ‘शिक्षा विभाग’, ‘शिक्षा मंत्री’ तसेच राहू देऊ नये. 2009 च्या कायद्याला हिंदीत ‘शिक्षा का अधिकार’ म्हणतात आणि त्याच कायद्याचे कलम 17 मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई करते. बातमीत दोन्ही ठिकाणी ‘शिक्षा’च छापली, तर आईबापांनी काय समजायचे? तिथे ‘शिक्षण’ लिहावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर