‘सर्व जेवण समाविष्ट’ : क्रूझच्या बिलात वाढते काय?

महोदय,

क्रूझच्या जाहिरातीत भाड्याच्या आकड्याखाली ‘सर्व जेवण समाविष्ट’ ही ओळ हटकून असते. ती खोटी नाही. सात रात्रींच्या सफरीत एक डॉलरही जास्तीचा न मोजता तिन्ही त्रिकाळ पोटभर आणि चांगले जेवता येते. पण मोठ्या जहाजावर खाण्याच्या पंधरा-वीस जागा असतात आणि ‘समाविष्ट’ हा शब्द त्यांतल्या काहींनाच लागू असतो. त्या काहींमध्येही अमुक पदार्थ आणि अमुक पेय वगळलेले असते. वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत हा भाग बहुधा एका वाक्यात उरकला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भाड्यात खात्रीने येणाऱ्या जागा दोन: मेन डायनिंग रूम आणि बुफे. त्यांच्या जोडीला पोहण्याच्या तलावाजवळचा पिझ्झा किंवा बर्गरचा काउंटर आणि सँडविच-पेस्ट्रीचे एखादे कॅफे बहुतेक जहाजांवर असते. या कॅफेत नवखा प्रवासी पहिल्यांदा चकतो. काचेमागचे सँडविच फुकट असते, पण त्याच काउंटरवरच्या मशिनची एस्प्रेसो किंवा कापुचिनो पैशाची. फुकटची कॉफी म्हणजे बुफेतली साधी फिल्टर कॉफी. साधे पाणी, चहा, लिंबू सरबत, नाश्त्याच्या वेळचे रस हेही भाड्यातच. बाटलीबंद पाणी, सोडा आणि कोला यांचे मात्र बहुतेक कंपन्या वेगळे पैसे लावतात. केबिनमध्ये टेबलावर मांडून ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी अडकवलेली असते, ती आधी वाचावी.

मेन डायनिंग रूममध्ये रात्रीच्या जेवणाच्या दोन पद्धती असतात आणि त्यांतली एक बुकिंग करतानाच निवडावी लागते. पहिलीत वेळ ठरलेली असते. आपल्याकडच्या पंगतीसारखाच प्रकार: पहिली पंगत संध्याकाळी साडेपाच-सहाला, दुसरी आठच्या आसपास. टेबल तेच, वाढपी तोच, शेजारीही तेच. दुसऱ्या पद्धतीत वाटेल तेव्हा जावे, मिळेल त्या टेबलावर बसावे. ऐकायला दुसरी सोयीची वाटते, पण सात वाजता सगळ्यांनाच ‘वाटते’ आणि दाराशी रांग लागते. ज्यांना एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे किंवा कडक पथ्य आहे त्यांनी ठरलेली वेळच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण स्वयंपाकघराच्या कामात आहे. हेड वेटर अशा प्रवाशाला उद्याचा मेनू आज रात्रीच दाखवतो, त्याने निवडलेले पदार्थ टिपून घेतो आणि ते दुसऱ्या दिवशी वेगळे केले जातात. रोज नवा वाढपी असला की हा दुवा तुटतो. या सोयीला जादा आकार नसतो, फक्त सफरीच्या काही आठवडे आधी कंपनीला लेखी कळवायचे असते.

आता या समाविष्ट दालनातला मेनू हातात घेऊन नीट पाहू. वरच्या भागात रोज बदलणारे पदार्थ, खाली रोज मिळणारे आणि तळाशी किंवा एका चौकटीत तीन-चार पदार्थ असे असतात की ज्यांच्यापुढे आकडा छापलेला असतो. उंची स्टेक, लॉबस्टरची शेपटी असले काही. वाढपी तोंडी शिफारस करतो तेव्हा तो आकडा सांगायचा राहूनही जातो. ज्या रात्री झगमगीत पोशाखाचा कार्यक्रम असतो, त्याच रात्री अनेक जहाजांवर लॉबस्टर नेहमीच्या मेनूत येतो. एक थाळी भाड्यात, पुढच्या प्रत्येक थाळीचे पैसे, अशी काही कंपन्यांची रीत आहे. म्हणजे त्याच रात्रीचे दुसरे महागडे रेस्तराँ बुक केले, तर फुकटचा लॉबस्टर गेला आणि वर खिसाही रिकामा. दोन मुख्य पदार्थ मागवले तरी हरकत नसते. कार्निव्हल ही मोठी क्रूझ कंपनी मात्र तिसऱ्या मुख्य पदार्थापासून प्रत्येकी ५ डॉलर लावते.

तिसरा वर्ग स्पेशालिटी रेस्तराँचा: स्टेकहाउस, इटालियन, सुशी वगैरे. इथे एक तर दरडोई ठरावीक कव्हर चार्ज असतो किंवा हॉटेलसारखा एकेका पदार्थाचा दर. फरक महत्त्वाचा आहे. कव्हर चार्जमध्ये सूपपासून गोडापर्यंत सगळे येते, क्वचित एखाद्या पदार्थावर जादा रक्कम. पदार्थागणिक दर असेल तर दोन माणसांचे सुशीचे बिल बघता बघता कव्हर चार्जच्या पुढे जाते. दर जहाजागणिक आणि सफरीगणिक बदलतात, म्हणून सफरीआधी कंपनीच्या ॲपवर बुक करून ठेवावे आणि मधूनमधून दर पाहावा. उतरला तर जुने बुकिंग रद्द करून नवे करावे. जहाजावर चढल्याच्या दिवशी बुफेच्या दाराशीच कर्मचारी ही बुकिंगे विकत उभे असतात. पहिल्या रात्रीची टेबले रिकामी राहण्याची भीती असल्याने त्या रात्रीवर कधी कधी सवलत मिळते. बाकी रात्रींवर मिळेल असे धरून चालू नये. समुद्रात काढायच्या दिवशी काही स्पेशालिटी रेस्तराँ दुपारी उघडतात. मेनू जवळपास तोच आणि दर कमी.

बुकिंग करून न गेल्यास पैसे लागतात. साधारण २४ तास आधी रद्द केले तरच सुटका. यात फसगत होण्याची दोन कारणे नेहमीची. एक, जहाजाची वेळ आणि बंदराची वेळ नेहमीच सारखी नसते. फोन आपोआप बंदराच्या वेळेवर जातो आणि माणूस तासभर उशिरा दाराशी पोहोचतो. दोन, बंदरातली सहल लांबते. जिथून जहाज उशिरा सुटणार आहे त्या दिवशी सहाचे टेबल घेऊच नये.

यापुढचा कागद अधिक मुळाशी जाऊन पाहण्यासारखा आहे. बारमध्ये किंवा स्पेशालिटी रेस्तराँमध्ये पावती येते तेव्हा तीवर पदार्थाची किंमत, खाली १८ टक्के सर्व्हिस चार्ज (काही कंपन्यांत २०) आणि बेरीज छापलेली असते. त्याच्याही खाली एक रिकामी रेघ असते, जादा टिपेसाठी. मग सहीची रेघ. घाईत पाहणाऱ्याला वाटते टिप द्यायची राहिली आहे, आणि तो आकडा भरतो. म्हणजे एकाच ग्लासवर दोनदा टिप. मनापासून द्यायची असेल तर जरूर द्यावी, पण वर काय कापले गेले आहे ते वाचून मग. मेनूवर १३ डॉलर छापलेले कॉकटेल १५ डॉलर ३४ सेंटना पडते, हे गणित तोंडपाठ ठेवले की पुढचे सगळे सोपे जाते.

भाड्यात जेवण असताना जहाजावर वेगळ्या पैशाचे रेस्तराँ ठेवण्याचा प्रकार आजचा नाही. १९१२ साली टायटॅनिकवर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी लुइजी गत्ती या रेस्तराँचालकाने चालवायला घेतलेले वेगळे रेस्तराँ होते आणि तिथे खाल्लेल्याचे पैसे वेगळे द्यावे लागत. फक्त तेव्हा सगळी जेवणे तिथेच घ्यायचे आधी ठरवणाऱ्याला मूळ भाड्यात काही सूट मिळे. आज सातही रात्री स्टेकहाउसमध्ये काढल्या तरी मेन डायनिंग रूमचे पैसे परत येत नाहीत.

पावतीवरच्या या १८ टक्क्यांहून वेगळा असतो तो रोजचा सर्व्हिस चार्ज. तो केबिनवर नसून माणशी असतो, लहान मुलांनाही लागतो (अगदी तान्ह्या बाळांना काही कंपन्या सोडतात) आणि अमेरिकी कंपन्यांत साध्या केबिनला साधारण १६ ते २० डॉलरच्या घरात असतो. सुइटला जास्त. १८ धरले तर दोघांचे सात रात्रींचे २५२ डॉलर झाले. बुकिंगच्या वेळीच तो भरला तर पुढे दर वाढला तरी बहुधा झळ लागत नाही. अनेक कंपन्यांत गेस्ट सर्व्हिसेसच्या (प्रवाशांच्या चौकशी-तक्रारींच्या) काउंटरवर जाऊन तो कमी करून घेता येतो आणि काही जण तो ‘वाचवण्याची युक्ती’ म्हणून सांगतात. ही युक्ती मला पटत नाही. हा पैसा वाढपी, केबिन आवरणारे आणि पडद्याआडचे हात यांच्या पगाराचाच भाग असतो. सेवा वाईट असेल तर तिसऱ्याच दिवशी तक्रार करावी, शेवटच्या दिवशी सगळ्यांचीच रक्कम कापू नये. दोष असलाच तर हा आकार मुळात भाड्याबाहेर ठेवणाऱ्यांचा आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये ही वेगळी आकारणी बंद केली, म्हणजे तसे करणे अशक्य नाही.

केबिनमध्ये जेवण मागवणे हा पूर्वी हक्काचा लाड होता. आता रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या जहाजांवर प्रत्येक ऑर्डरला ७ डॉलर ९५ सेंट आणि वर १८ टक्के पडतात. पाव-फळे-कॉफी असा साधा नाश्ता तेवढा त्यातून वगळला आहे. आकार ऑर्डरला असतो, थाळीला नाही. तेव्हा मागवायचेच तर सगळ्यांचे एकदमच मागवावे.

सर्वांत मोठा खड्डा ड्रिंक्स पॅकेजचा, म्हणजे रोजची ठरावीक रक्कम आधी भरून पेये घेण्याच्या योजनेचा. समजा दर दिवसाला ७० डॉलर. वर १८ टक्के धरून ८२ डॉलर ६० सेंट. ते एकाच दिवसाचे घेता येत नाही, बहुधा संपूर्ण सफरीचे घ्यावे लागते. आणि अनेक कंपन्यांत एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले की दुसऱ्यालाही घ्यावे लागते, कारण नाही तर एकाच्या पॅकेजवर दोघे पितील. दोघांचे सात दिवसांचे होतात ११५६ डॉलर ४० सेंट. आता उलट बाजूने पाहा. दिवसभरात एक कॉफी ५ डॉलर, पाण्याची बाटली ४, दोन कोला ७, दोन बिअर १६, रात्री वाइनचा एक ग्लास १२: एकूण ४४, टक्केवारीसह ५१ डॉलर ९२ सेंट. एवढे पिऊनही माणूस दिवसाला तीस डॉलरने मागेच राहिला. पॅकेज वसूल व्हायचे तर १३ डॉलरची पाच-सहा कॉकटेल्स रोज रिचवायला हवीत, आणि ज्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच बंदरात हिंडायचे त्या दिवशीही. शिवाय बारीक अक्षरे आहेतच. कार्निव्हलमध्ये २४ तासांत १५ मद्यपेयांची मर्यादा. रॉयल कॅरिबियनमध्ये १४ डॉलरवरच्या पेयाचा फरक खिशातून. केबिनमधला मिनीबार सहसा बाहेरच. कंपनीच्या खासगी बेटावर पॅकेज चालते की नाही तेही आधी विचारून घ्यावे. काही कंपन्या पॅकेज ‘मोफत’ देतात, पण त्यावरची टक्केवारी मूळ छापील किमतीवर काढून वसूल करतात, त्यामुळे मोफत गोष्टीचेही रोजचे वीसपंचवीस डॉलर होतात. दारू न पिणाऱ्याने फार तर सरबत-सोड्याचे स्वस्त पॅकेज पाहावे आणि तेही वरच्यासारखा हिशेब मांडून. आपली वाइन नेता येते. चढतानाच प्रौढ माणशी ७५० मिलिची एक बाटली ही अनेक कंपन्यांची मर्यादा. ती डायनिंग रूममध्ये उघडून घेतली तर कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून देण्याचा आकार, लागू शकते.

कंपन्या असे का करतात, याचे उत्तर त्यांच्याच वार्षिक हिशेबात आहे. कार्निव्हल समूहाच्या २०२३ च्या सुमारे २१.६ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी ७.५ अब्जांच्या आसपास रक्कम तिकिटाखेरीजची आहे. त्यात कॅसिनो, सहली, इंटरनेट हे सगळे आले. पण तिकीट स्वस्त दिसण्याचे गुपित तिथे आहे. अतिमहाग जहाजांवर आणि बऱ्याच नदीवरच्या सफरींत जेवणासोबतची वाइनही भाड्यातच असते, तेव्हा दोन भाड्यांची तुलना करताना हे सर्व मिळवूनच करावी.

जहाजावर रोख चालत नाही. केबिनचे कार्ड किंवा मनगटावरचा पट्टा दाखवला की रक्कम खात्यावर चढते. पैसे खर्च झाल्याचे जाणवतच नाही ते यामुळे. या खात्याला डेबिट कार्ड जोडू नये. कंपनी रोज अंदाजाने रक्कम अडवून ठेवते आणि ती मोकळी व्हायला सफर संपल्यावरही काही दिवस जातात. क्रेडिट कार्ड जोडताना बिल जहाजाच्या चलनातच हवे असे सांगावे, नाही तर जहाजावरच चलन बदलून जादा दराने आकारणी होऊ शकते. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी बंद करून घ्यावी किंवा तिला मर्यादा घालावी. खाते ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर एक दिवसाआड पाहावे. चुका ठरलेल्या असतात: शेजारच्या केबिनचे पेय आपल्या नावावर, एकच पावती दोनदा, रद्द केलेल्या टेबलाचे पैसे परत न आलेले. शेवटच्या रात्री गेस्ट सर्व्हिसेसपुढे लांबच लांब रांग असते, तिसऱ्या दिवशी दुपारी कोणी नसते. ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायला खात्यात जमा दिलेली रक्कम) मिळाले असेल तर ते परत मिळणारे आहे की न वापरल्यास बुडणारे, तेही त्याच वेळी विचारावे. युरोपात एक वाढीव बाब: सफर फक्त युरोपीय संघाच्या बंदरांतूनच असेल तर पेयांवर आणि खरेदीवर मूल्यवर्धित कर लागू शकतो.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे १ जुलै २०२४ पासून मोठ्या क्रूझ कंपन्या जाहिरातीतल्या भाड्यात बंदर शुल्क आणि कर धरूनच आकडा दाखवू लागल्या. रोजचा सर्व्हिस चार्ज त्यातही नाही. आपल्या पुरवणीत क्रूझचे भाडे छापताना खाली एक बारीक ओळ वाढवावी, एवढीच विनंती: माणशी रोजचा सर्व्हिस चार्ज किती, बार आणि स्पेशालिटी रेस्तराँवर टक्के किती, आणि खोलीत जेवण मागवल्यास आकार किती. तीन आकडे आहेत, एका ओळीत मावतात.

आपला,
एक वाचक