बिलावर शाफ्टचे माप लिहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शिगम्यापासून मृगापर्यंत कुळागराचे पाणी चुकले तर पोफळींचे काय होते, हे अंत्रुज महालातल्या वाचकांना मी सांगायला नको. यंदा आमचा पाच अश्वशक्तीचा पंप नेमका त्याच दिवसांत तीनदा बंद पडला, आणि तिन्ही वेळा एकाच बेरिंगपायी, म्हणजे मोटरचा फिरता दांडा (शाफ्ट) ज्यावर तोललेला असतो त्या गोळ्यांच्या दुहेरी रिंगपायी. दुरुस्ती करणाऱ्याचे नाव घेत नाही. तो एकटाच असे करतो असे नाही, आणि मुलगा स्वभावाने चांगला आहे.

पहिल्या खेपेला मोटर 6306 नंबरचे नवे बेरिंग घालून आली. तीन आठवड्यांत पुन्हा घरघर सुरू. दुसऱ्या खेपेला पुन्हा नवे बेरिंग, आणि बिलात एक जादा ओळ: ‘शाफ्ट सेटिंग’. "काका, आता हलायचं नाही," असे त्याने वर सांगितले. महिनाभर हलले नाही, हे खरे. तिसऱ्या वेळी मात्र मी ती पाठवली नाही, पडवीत घोंगडी अंथरून स्वतःच उघडली. मी 31 वर्षे लेथवर काढली आहेत, त्यातली बरीचशी खाणीच्या वर्कशॉपात, 2012 साली खाणी थांबल्या तोवर. खरे तर पहिल्याच वेळी उघडायला हवी होती, आळस नडला.

कव्हर काढले आणि पुलर (बेरिंग ओढून काढायचे हत्यार) न लावताच बेरिंग हातात आले. आतल्या रिंगला आणि शाफ्टला गेरूसारखी तांबडी पूड लागलेली. ओलीने आलेला हा गंज नव्हे. सैल रिंग शाफ्टवर घासत राहिली की लोखंडाचा जो भुगा पडून तांबडा होतो, तो हा. पूड पुसली तर खाली सेंटर पंचचे, म्हणजे टोकदार छिन्नीवर हातोडा मारून पाडलेले, ठिपके, देवीच्या व्रणांसारखे, शाफ्टच्या चारी बाजूंनी. हेच ते ‘सेटिंग’!

पंच मारला की खड्ड्याच्या कडेची धातू वर येते आणि बेरिंग तेवढ्यापुरते घट्ट बसते. पण ते बसलेले असते त्या टोकांवर, शाफ्टवर नव्हे. थोड्या दिवसांत टोके दबतात, की पुन्हा पहिले पाढे.

मायक्रोमीटर लावला तर शाफ्ट 29.96 मिलिमीटर भरला. अशा नंबरात, 04 पासून पुढे, शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की बेरिंगचे छिद्र मिळते. 06 म्हणजे 30. अशा मोटरला त्या जागी शाफ्ट 30.002 ते 30.015 असावा लागतो, म्हणजे छिद्राहून किंचित जाडच. इथे तो छिद्राहून 40 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक. केसाच्या जाडीहूनही कमी, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण हिशेब करून पाहा. रोटरचे, म्हणजे शाफ्टवरच्या फिरत्या गाभ्याचे, वजन कायम खाली ओढते, शाफ्ट मात्र फिरतो. त्यामुळे भार आतल्या रिंगच्या प्रत्येक बिंदूवरून फिरत जातो आणि सैल रिंग शाफ्टवर लोळत मागे पडते, सैल बांगडी मनगटावर फिरावी तशी. 40 मायक्रॉनच्या फटीत दर फेऱ्याला साधारण आठवा भाग मिलिमीटर. मोटर मिनिटाला 2880 फेरे घेते, म्हणजे तासाला वीस मीटरहून जास्त. एवढे घासल्यावर शाफ्ट टिकेल कसा?

"नट आवळलाय ना, वॉशरची जीभही वाकवलीय," असे सांगणारेही भेटतात. नट आणि सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) बेरिंगला बाजूला सरकू देत नाहीत. फिरण्यापासून ते भरवशाने रोखू शकत नाहीत. ते काम मापाचे. (खाणीवरच्या कंपन करणाऱ्या चाळणीत नियम उलटा. तिथे भार शाफ्टबरोबरच फिरतो, म्हणून बाहेरची रिंग घट्ट आणि आतली सैल ठेवायची. नवा फिटर तिथे हमखास चुकायचा, मीही चुकलो होतो.)

शेवटी कुंडईला ओळखीच्या वर्कशॉपात शाफ्टवर थोडे थोडे वेल्डिंग चढवले, एकदम चढवले तर शाफ्ट वाकतो. मग डायल (वाकडेपणा दाखवणारे काट्याचे मापक) लावून सरळ असल्याची खात्री केली आणि ग्राइंड करून 30.01 ला आणला. बेरिंग बसवताना पाइपचा तुकडा आतल्या रिंगवर टेकवून ठोकले. बाहेरच्या रिंगवर हातोडा घातला तर गोळ्यांच्या खुणा आतल्या चाकोरीत उमटतात आणि नवे बेरिंग पहिल्याच दिवसापासून आवाज करते. हेही रोज चाललेले असते.

माझे म्हणणे एवढेच, की मोटर दुरुस्त करणाऱ्यांनी बिलावर दोन आकडे लिहावेत: उघडताना शाफ्टचे माप आणि बंद करताना शाफ्टचे माप. पंचायतींनी आणि पाणीपुरवठा पाहणाऱ्यांनीही ते मागावेत. पंप नादुरुस्त म्हणून नळ कोरडे, अशा बातम्या आपल्याच पानांवर येत असतात. पंच मारायची वेळ आलीच, एखादी रात्र भागवायची म्हणून, तर तेही लिहावे. गिऱ्हाईक समजून घेईल. फट भरणारा गोंद बाजारात मिळतो, तो लावला तर तसे सांगावे. ‘सेटिंग’ हा शब्द मात्र नको.

मायक्रोमीटर नाही अशी कुणाची अडचण असेल, तर माझा घरी नुसता पडून आहे. शाफ्ट घेऊन यावे, मापून जावे. मायक्रोमीटर नेऊ मात्र देणार नाही.

आपला,
एक निवृत्त टर्नर
सावईवेरे, फोंडा