बाबा, व्हिन्सेंटचा घात चित्रांनी केला नाही

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगवरचा ‘लव्हिंग व्हिन्सेंट’ पाहून झाल्यावर बाबा फोनवर काहीच बोलले नाहीत, आणि आईने एवढेच विचारले, की त्या मुलाला वेळेवर जेवायला वाढणारे कोणी नव्हते का. तो चित्रपट मी तुम्हाला मुद्दाम पाहायला सांगितला होता, कारण मी राजीनामा दिला आहे, तो मंजूरही झाला आहे आणि पुढची दोन वर्षे मी चित्रेच काढणार आहे.

बाबा, तुम्हाला भाऊकाका आठवले असणार, मलाही आठवले. चित्रपट व्हिन्सेंटच्या मृत्यूचे गूढ उकलण्यात फार रमतो, गोळी कोणी झाडली याची चौकशी करत राहतो, आणि त्यामुळे तो जगला कसा हे मागे पडते. २७व्या वर्षी त्याने चित्रकार व्हायचे ठरवले आणि जुलै १८९० मध्ये, ३७व्या वर्षी, तो गेला. मधल्या काळात तो कित्येकदा पाव आणि कॉफीवर राहिला, भाऊ थिओने पाठवलेल्या पैशांतले बरेचसे रंगांवर खर्च झाले, आणि त्याच्या आजाराला नेमके औषध तेव्हा कोणाजवळच नव्हते. फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात वर्षभरात त्याने सुमारे दीडशे चित्रे केली, ती बहुतेक झटका ओसरून मन ताळ्यावर असताना. झटका आला की बहुधा काम थांबे. काम हाच आपल्यावरचा उत्तम उपाय आहे, असे त्याने थिओला कळवले होते. आई, बदामाच्या फुलांचे चित्र त्याने तिथेच, थिओच्या नुकत्याच जन्मलेल्या बाळासाठी काढले. ते निळे आकाश तू एकदा नीट बघ.

आणि ज्यांनी हा चित्रपट केला, त्या सव्वाशेच्या आसपास चित्रकारांनी सुमारे ६५,००० चौकटी तैलरंगात हाताने रंगवल्या. चित्रकलेवर पोट भरणारी, रोज स्टुडिओत जाऊन काम करणारी ही माणसे आहेत. मलाही तसेच शिस्तीने जगायचे आहे.

खोली हवेशीर आहे आणि टर्पेंटाइनच्या वासासाठी खिडकी सतत उघडी असते. दोन्ही वेळचा डबा लावला आहे, त्यात भाकरीही मिळते. शिल्लक पुरेशी आहे, शिवाय संध्याकाळी मुलांच्या चित्रकलेच्या शिकवण्या घेते. झोप उडाली किंवा मन खचले, तर डॉक्टरांकडे जाईन आणि तुमच्यापासून ते लपवणार नाही. हा शब्द देते.

बाबा, मी ओसरीच्या भिंतीवर कोळशाने बैल काढला होता, तेव्हा कितीतरी दिवाळ्या तुम्ही त्या भिंतीला चुना लावू दिला नाही. आलेल्या प्रत्येकाला तो बैल दाखवायचात. त्या बैलाच्या भरवशावरच मी हा निर्णय घेतला, असे म्हटले तरी चालेल.

आता ऐका. रक्तदाबाची गोळी ‘आज बरे वाटते’ म्हणून सोडायची नाही. आईने गुडघ्याचा पट्टा बांधल्याशिवाय जिना उतरायचा नाही. रात्रीच्या भातावर वरून मीठ घ्यायचे नाही. भाऊकाकांची रंगांची पेटी माळ्यावरून काढायला बाबांनी स्वतः स्टुलावर चढू नये. गणपतीला येईन तेव्हा मी काढेन, आणि तुमची हरकत नसेल तर सोबत घेऊन जाईन.

तुमची,
चिमी